फौजेच्या तुकड्याची माती

आई,

यंदाच्या अखजीला आपल्या तुकड्यावरच्या माणसांना पाणी मिळालं नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुला आडून आडून बोललेलं आवडायचं नाही. मी काही मनात धरून स्वयंपाकघरात घुटमळत राहिले की तू चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणायचीस, "सांगाचं असन तं सांग, नाई तं लसूण सोल." आता तू नाहीस, चूल नाही, लसूण सोललेला पिशवीत मिळतो, तेव्हा सांगायलाच बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी तुझ्या वयाच्या पुढे निघून गेले. तुझ्यापेक्षा म्हातारी होऊन तुझ्यासमोर मान खाली घालून बसायचं, हे जरा विचित्रच वाटतं.

तुकडा तुला ठाऊक आहे, पण मला तो एकदा डोळ्यांसमोर आणू दे. राळेगावकडून गावात शिरताना उजव्या हाताला आपली कापसाची वावरं, आणि त्यांच्या मधोमध ती न नांगरलेली जमीन. चारी बाजूंनी हिरवीगार पऱ्हाटी आणि मध्येच तो गवताचा, बोरीबाभळीचा पट्टा. बाबांच्या घराण्यात त्याला फौजेचा तुकडा म्हणत. पेशवाई बुडत असताना पळणारी एक फौज आणि तिच्या मागावरची इंग्रजांची फौज या भागातून गेली, त्या धावपळीत एका भर दुपारी इथे चकमक झाली, एवढंच सगळे सांगायचे. पुस्तकात नाव असलेली मोठी लढाई ही नव्हे. इथे किती पडले, कोण होते, कुठून आले होते, कोणालाच माहीत नाही. समाधी नाही, शेंदूर फासलेला एखादा दगडसुद्धा नाही. तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा आजोबांनी तुला सांगितलं होतं की ती माणसं ऐन उन्हाळ्यात, नाला कोरडा असताना, तहानेनं तडफडत मेली, आणि त्यांना पाणी देणारं मागे कोणी नाही. म्हणून तुकड्यात नांगर घालायचा नाही, आणि अखजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, घरच्या पितरांची घागर भरून झाली की या माणसांना पाणी पाजायचं.

ती सकाळ मला अजून वासासकट आठवते. पितळी गंजात गूळ घातलेलं चिंचवणं, परातीत पुरण, आणि कुरड्या तळताना तू मला चुलीच्या जवळ फिरकू देत नाहीस. पळसाच्या पत्रावळीवर पितरांचं पान वाढलं जातं. नव्या मातीच्या घागरीत वाळ्याची जुडी पडते आणि तो गार वास घरभर पसरतो. जेवणं झाली की बाबा आणि पाहुणे ओसरीवर आडवे होतात. तू मात्र दुसरी घागर डोक्यावर घेतेस. तोवर मावशी आपली घागर घेऊन दारात उभी असते. रक्ताच्या नात्याची नव्हे, पण निंदणाला, वेचणीला जन्मभर तुझ्या शेजारच्या ओळीत असलेली, म्हणून माझी मावशी. तुमच्या दोघींच्या मागे मी, माझा पितळी गडवा सांभाळत. मला यवतमाळला सिस्टरांच्या शाळेत ठेवायचं ठरलं तेव्हा तू तो घेऊन दिला होतास. बोर्डिंगच्या इतर मुलींकडे प्लास्टिकचे रंगीत मग होते. मला गडव्याची लाज वाटेल असं तुला वाटलं होतं, पण नाही वाटली. तेवढं एक माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

चपला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर काढायच्या, हा तुझा नियम. "कोण कोठी पडला हाये काय मालूम," म्हणायचीस. मग मी चटके बसणारे पाय उचलत गवताच्या एका पुंजक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारायची. वैशाखात काळी माती अशी फाटलेली असते की माझा हात भेगेत कोपरापर्यंत जातो. तू भेगेशी उकिडवी बसतेस, घागर तिरपी करतेस आणि पाण्याची बारीक धार सोडतेस. मी गडवा भसकन उपडा केला की तुझी चापट पाठीत बसते. "घाई कायले करतं व? तान्ह्या लेकराले पाजतेत ना, तसं पाज." मग आपण तिघी जमिनीला कान लावतो. खाली खोल कुठेतरी आधी टपटप होतं, आणि मग कोणी घोट घ्यावा तसा आवाज.

"येते आवाज?"

"येते."

"मंग टाक. आवाज येते तोवर पेऊन राह्यले थे."

आवाज थांबला की पुढची भेग. घागरी रिकाम्या होईपर्यंत ऊन कलायला लागायचं.

तुकडा पाहायला तेव्हाही कधीमधी लोक यायचे. कॉलेजातले एखादे सर, नाहीतर लढाईतल्या मोहरा शोधणारे हौशी. एकदा दोघं कुदळ घेऊन आले होते. तू निंदण सोडून, हातात विळा तसाच घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिलीस.

"काय हुडकून राह्यले बापा?"

"काही नाही मावशी. जुनं काही सापडते का म्हणून."

"सापडते ना. हाडं सापडतीन. नेता काय घरी?"

दोघं कुदळ उचलून निघाले तेव्हा मावशी मागून ओरडली, "पिशवी आणली नाई वाटते!" आणि मग तुम्ही दोघी धुऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मीही हसले. तुम्हाला पाहुणे आवरायला ना दोर लागायचा ना शिट्टी.

आणि ती मेणबत्ती. नोव्हेंबरात आमच्या चॅपलच्या मागच्या छोट्या कबरस्तानात सिस्टर मेणबत्त्या लावायच्या. आम्ही मुली गवत उपटायचो आणि मग रांगेत मुकाट उभ्या राहायचो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर मी हे सगळं तुला मोठ्या ऐटीत सांगितलं. तू शेंगा फोडत ऐकत होतीस.

"अन् पाणी?"

"पाणी नाही ठेवत त्यांच्यात."

"मंग प्याले काय?"

"आई, मेणबत्ती लावतात."

"मेणबत्ती पेते काय कोणी?" तू म्हणालीस, आणि विषय संपला असं मला वाटलं. पण पुढच्या अखजीला तुझ्या ओच्यातून दुकानातली एक पांढरी मेणबत्ती निघाली. त्या फौजेत एखाददुसरा साहेबही असेल, त्याला आपलं पाणी पटलं नाही तर, असं तुझं म्हणणं. मी तेव्हा सातवीत, इतिहासात पहिली. ते तर शत्रू होते, त्यांना कशाला, असं मी म्हणाले. तू भेगेवरून मानसुद्धा वर केली नाहीस. "हे पाणी खाली कोणाच्या तोंडात गेलं थे पाहून ये. मंग सांग मले शत्रू कोण थे." वैशाखाच्या उन्हात मेणबत्तीची ज्योत दिसतच नव्हती. पेटलेली की विझलेली कळायच्या आत ती कमरेत वाकली आणि ढेकळांवर वितळून गेली. तू निरखून पाहत राहिलीस आणि समाधानानं म्हणालीस, "पाह्य. शेवटी हिचं बी पाणीच झालं."

हे सगळं मला पाठ होतं, आई. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. माझ्या लाजेचं मूळ तिथेच आहे.

तुझ्यामागे वावरं मी बटाईनं दिली. तुकडा तसाच राहिला आणि मावशी एकटी दर अखजीला जात राहिली. मी यवतमाळात शाळेत नोकरी केली, घर बांधलं, निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी आपल्या भागातले माजी सैनिक माझ्याकडे आले. त्यांच्यात एक सुभेदार आहेत, निवृत्त, मिशांवर अजून हुकूम चालवणारे. त्यांना तुकड्यावर स्मारक करायचं होतं: जुन्या लढाईतल्या त्या अनाम माणसांचं आणि आत्ताच्या काळात तालुक्यातून सैन्यात जाऊन परत न आलेल्यांचं, एकत्र. मला भरून आलं. मी तुकडा तुझ्या नावानं देऊन टाकला. फाटकाशी काळ्या ग्रॅनाइटवर तुझं नाव आहे, सोनेरी अक्षरांत. आणि समितीची अध्यक्ष मी. कार्यक्रम अक्षय तृतीयेला करायचा, हेही मीच सुचवलं, तुझी आठवण म्हणून.

मला हे काम येतं, आई. रांगा लावणं, पाट्या लिहिणं, बस कुठे थांबेल, पुष्पचक्र कोण आधी वाहील, म्हातारी माणसं सावलीत कशी बसतील. सिस्टरांनी शिकवलेलं सगळं इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. सुभेदार म्हणतात, "मॅडम, तुम्ही फौजेत पाह्यजे होत्या." लोकही यायला लागले. आता शनिवार-रविवारी बाहेरगावच्या गाड्या उभ्या असतात. येतात, इकडेतिकडे पाहतात आणि विचारतात, "तोफ नाही का हो इथं?" एकदा एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "नुसतं मैदानच आहे, चल, कळंबला गणपती तरी करून घेऊ." मी त्यांना थांबवून अर्धा तास माहिती सांगितली. त्यांनी ऐकली, आणि मग माझ्याबरोबर फोटो काढला.

पहिल्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अवकाळी सर पडून गेली. एका शहीद जवानाच्या आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. खुर्ची काळ्या चिखलात अशी रुतली की ती ना पुढे जाईना ना मागे. चौघांनी ती उचलून मंचाशी नेली. त्या बाई घट्ट डोळे मिटून बसल्या होत्या, लुगड्याला चिखल, पदर दातांत धरलेला. ते मला पाहवलं नाही. तिथल्या तिथे मी ठरवलं की पुढच्या वर्षापर्यंत इथे ब्लॉक बसवायचे. ठेकेदार म्हणाला, काळ्या मातीवर ब्लॉक टिकत नाहीत, ती फुगते, फाटते. खोल खणून सगळी काळी काढावी लागेल आणि मुरूम भरावा लागेल. मी म्हणाले, काढा. फाटते हा शब्द ऐकूनही मी काढा म्हणाले. त्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. ती सांगायला मला अजून थोडा धीर लागेल.

ब्लॉक छान बसले. करडे आणि विटकरी, एकाआड एक. गेल्या वर्षी त्यांच्यावर कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी सांडलं आणि एक शाळकरी मुलगी घसरून तिची हनुवटी फुटली. मग मी पाटी लावली: कृपया आत खाद्यपदार्थ व पाणी नेऊ नये, पाणी सांडू नये. मजकूर माझा. जागाही मीच निवडली, फाटकाशी, जिथे सगळ्यांची नजर जाईल. म्हणजे बरोबर तुझ्या नावाखाली.

गेल्या अखजीला मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, ती आली नव्हती. ब्लॉक तिनं पाहिलेच नव्हते. यंदा आली. डोक्यावर घागर पेलवत नाही आता, कमरेवर घेतली होती. पूर्वी जिथे धुरा होता तिथे आता गाड्या उभ्या राहतात. तिथेच तिनं दोन गाड्यांच्या मध्ये चपला काढल्या होत्या आणि अनवाणी फाटकाशी आली होती. फाटकावर सुभेदार होते.

"आजी, पाणी आत न्याचं नाई."

"मले नाई प्याचं बापा. फौजेले पाजाचं हाये."

सुभेदारांना वाटलं, म्हातारी कवायतीच्या मुलांबद्दल बोलते आहे. "फौजेची व्यवस्था झाली हाये आजी, थंडे जार मागवले. तुम्ही कायले तरास घेतला?"

"जार?" मावशी म्हणाली. "जारचं पेतेत काय थे?"

मागे रांग खोळंबली होती. प्रमुख पाहुण्यांची गाडी वळणावर दिसत होती. मी लगबगीनं पुढे आले. मला पाहून मावशीचा चेहरा उजळला. आता काम झालं, असं तिला वाटलं असणार. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी रागावले असते तर एक वेळ बरं झालं असतं. मी अगदी गोड आवाजात बोलले, पालकांशी बोलायची तशी.

"मावशी, आत ब्लॉक आहेत, लोक घसरतात. तुम्ही इथं कुंडीत घाला न पाणी."

फाटकाच्या दोन्ही बाजूंना क्रोटनच्या मोठ्या कुंड्या आहेत. मावशीनं कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुंडीत?"

"माती आहे न त्यात."

ती गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, घागर तिरपी केली आणि बारीक धार सोडली. मी पाहुण्यांना घेऊन आत गेले. पुष्पचक्र झालं, बिगुल झाला, आणि मी माईकवर सांगितलं की आता आपण सर्व जण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. सगळे उभे राहिले. माझी मान खाली होती, पण नजर फाटकाकडे गेली. मावशीनं कुंडीच्या काठाला कान लावला होता. इतक्या माणसांच्या त्या शांततेत एकच आवाज येत होता: कुंडी भरून तिच्या बुडाच्या भोकातून ब्लॉकवर सांडणारं पाणी. ते पाणी पाटीच्या खालून, तुझ्या नावाच्या खालून वाहत बाहेर गाड्यांकडे गेलं. मी ठरवलेली ती स्तब्धता मला मोडता येईना.

कार्यक्रम संपवून मी फाटकाशी आले तेव्हा ती उठत होती. घागर अजून अर्धी भरलेली.

"कुंडी लवकर भरली व बाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती. भाजी लवकर शिजली म्हणावं तसं. आणि घागर कमरेवर घेऊन, गाड्यांमधून चपला हुडकून, परत गेली.

नंतरच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती दारात कुरड्या वाळत घालत होती. मी म्हणाले, मावशी, चुकलं माझं; समितीला सांगून एका कोपऱ्यातले ब्लॉक मी काढून घेते, पुढच्या अखजीला तुम्ही तिथे पाणी घाला. तिला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "ब्लॉकच्या खाली काय हाये?"

"मुरूम."

"अन् काळी?"

"काढली ती. खणून काढली."

"काढून कोठी टाकली?"

आई, आता ती गोष्ट. खणलेल्या मातीच्या ट्रॉल्या भरून जात होत्या त्या दिवशी मी तिथे उभी होते. तुकड्याची माती कधी पिकाला लागलेली नाही, सोन्यासारखी आहे, असं ठेकेदार म्हणाला. "मॅडम, तुमच्या बागेत पाठवू का एक ट्रॉली?" मी म्हणाले, पाठवा. बस, एवढंच. त्या क्षणी मला मोगरा आठवला, यवतमाळच्या मुरमाड जमिनीत न धरणारा. तू आठवली नाहीस, ते आठवले नाहीत. गेली दोन वर्षं माझ्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंत ती माती पसरलेली आहे, आणि तिच्यात असा मोगरा फुलतो की गल्लीतल्या बायका ओंजळी भरून नेतात. कोणी विचारलं की मी कौतुकानं सांगते, आमच्या वावराची माती आहे. हाडं सापडतीन, नेता काय घरी? नेली, आई. पिशवीतून नाही, ट्रॉलीनं नेली.

मी हे मावशीला सांगितलं. तिच्याकडे न पाहता, कुरड्यांकडे पाहत सांगितलं. तिनं हातातली कुरडई नीट पसरली. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि म्हणाली, "चाल. दाखव मले."

मी तिला गाडीतून यवतमाळला आणलं. फाटकाच्या आत आल्या आल्या तिनं चपला काढल्या. मला नाही सुचलं ते. मी सँडल घालून त्या मातीवर उभी होते, रोज उभी असते. ती मोगऱ्याच्या वाफ्याशी बसली, चिमूटभर माती बोटांत चोळली, नाकाशी नेली. "हाव," म्हणाली, "आपलीच हाये." मग माझ्याकडे वर पाहून तिला हसू फुटलं. "फौज बंगल्यात राहाले आली म्हण की! तुयी माय असती ना, तं तुले या मोगऱ्याच्या फांदीनं झोडलं असतं."

"झोडायलाच पाहिजे," मी म्हणाले.

"रोज पाणी देतं काय याले?"

"रोज. पाइपनं."

"मंग पेऊन राह्यले त थे. तुले नाई मालूम, पण पेऊन राह्यले." तिनं ओल्या मातीवर हात फिरवला. "पण असं नाई. असं भसाभसा नाई. पाणी बंद कर. भेगा पडू दे, मंग पाज."

मला वाटलं, इतक्यावर भागलं. चहा ठेवायला मी आत वळले, तेव्हा ती मागून म्हणाली, अगदी सहज, "तुयाकडे एकच ट्रॉली आली ना व? मंग बाकीचे कोठी गेले?"

मी म्हणाले, "विचारते ठेकेदाराला."

"विचारजो," ती म्हणाली. "म्हंजे सगळ्याइले पाजता येईन. माये पाय हायेत अजून."

मी वाफ्याचं पाणी बंद केलं. ज्येष्ठाच्या उन्हात मोगरा आधी मलूल झाला, मग पिवळा, मग काड्या. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून विचारलं, "पाइप बिघडला का तुमचा?" मी हो म्हणाले. हळूहळू माती करडी पडली, टणक झाली आणि एका सकाळी पायरीपाशी केसाएवढी चीर दिसली. ती रोज थोडी रुंद झाली. बोट जायला लागलं तेव्हा मी शोकेसमधला तू दिलेला गडवा काढला. त्यात पेनं ठेवायचे मी. तो चिंचेनं घासला, पाणी भरलं आणि सँडल काढून खाली बसले. गुडघ्यांनी फार त्रास दिला. बारीक धार सोडली. कान मातीला लावला. मातीला उन्हाचा वास होता, वाळ्याचा नव्हता. रस्त्यावरून एक दूधवाला गेला, त्याची घंटा वाजली. मग खाली टपटप झालं, आणि त्यानंतर तो आवाज आला. तोच, आई. तितका खोल नाही, माती तेवढी खोल नाहीच माझ्याकडे, पण तोच. मी आवाज थांबेपर्यंत गडवा भरभरून पाजत राहिले आणि रडत राहिले. मग वर पाहिलं तर पायऱ्या, भिंत, वाळलेला मोगरा आणि पुसलेली स्वच्छ फरशी, सगळं जागच्या जागी होतं.

आता पावसाळा आहे. भेगा मिटल्या आहेत, इथल्या आणि सगळीकडच्याही. कोपऱ्यातले ब्लॉक काढायचा ठराव मी बैठकीत मांडला. सुभेदारांनी कारण विचारलं तेव्हा पाण्याचा निचरा होत नाही म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण त्या टेबलाशी माझ्या तोंडातून निघालं नाही. तुझ्या नावाखालची पाटी मात्र मी स्वतः काढून घरी आणली आहे. ती दाराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

मावशीचा निरोप येतो मधूनमधून. "बाईले म्हणा, बाकीच्याइचं काय झालं?" मी निरोप पाठवते, चौकशी चालू आहे. चौकशी चालू नाही, आई. ठेकेदार यवतमाळातच राहतो, मला मान देतो, साधा माणूस आहे. कोणती ट्रॉली कोणाच्या अंगणात गेली, कोणत्या नव्या वसाहतीच्या बागेत पडली, हे त्याला आठवत असेल. विचारलं तर तो सगळं सांगेल. मग मला त्या एकेका दारी गडवा घेऊन जावं लागेल आणि कशासाठी आले ते सांगावं लागेल. मी अजून विचारलेलं नाही.